स्वतःचाही चार्ट भरा: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी मन आणि शरीर कसं सांभाळावं

दुपारी दीडच्या सुमारास लिनन रूमचं दार उघडलं, तर दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी चादरींच्या रॅकला टेकून उभी होती. तासाभरापूर्वी तिचे पेशंट गेले होते. चार दिवस तीच त्यांचं स्पंजिंग करत होती, कूस बदलत होती, तासातासाला युरिन बॅग बघत होती. शेवटचं सगळंही तिनेच स्टाफ सिस्टरांसोबत केलं. नळ्या काढल्या, अंग पुसलं, ओळखपट्टी बांधली. मला बघून ती सावरली आणि म्हणाली, "मॅडम, पाच नंबरचं ड्रेसिंग राहिलंय, जाऊ ना मी?" मी तिचा हात धरला, तर बर्फासारखा गार. "सकाळपासून काही खाल्लंस?" नाही. पाणी? तेही नाही. तिच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. त्यावर पेशंटचं इनटेक-आउटपुट तासातासाला मिलिलिटरमध्ये लिहिलेलं होतं आणि एकही रकाना रिकामा नव्हता.

तो कागद मला अजून आठवतो. दुसऱ्याच्या पोटात किती पाणी गेलं आणि किती बाहेर आलं, याचा चोख हिशेब ठेवणारी मुलगी स्वतः सहा-सात तास कोरडी होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. ही उणीव आम्हा शिकवणाऱ्यांची आहे. डोरोथिया ओरेम यांची सेल्फ-केअर थिअरी प्रत्येक विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतो, पण ती स्वतःला लावून बघ असं आम्ही क्वचितच सांगतो. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या २०२१ च्या आचारसंहितेत तर नर्सने स्वतःचं आरोग्य आणि स्वतःची प्रतिष्ठा जपावी, असं म्हटलेलं आहे. म्हणजे ही हौस किंवा लाड नव्हे, कामाचाच भाग आहे.

माझं सांगणं एवढंच आहे की त्यासाठी नवीन काही शिकावं लागत नाही. बघणं, नोंद करणं, वेळेत कळवणं आणि ड्युटी संपली की ओव्हर देणं, म्हणजे पेशंटची सगळी माहिती पुढच्याकडे सोपवणं, ही चार कामं तुम्ही वॉर्डात रोज करता. तीच स्वतःसाठी कशी करायची, ते पुढे क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: १४ दिवस स्वतःचा चार्ट

खिशात मावेल अशी एक वही घ्या. रोज झोपण्याआधी दोन मिनिटं काढून पाच गोष्टी लिहा. काल किती तास झोप झाली. दिवसात किती वेळा पोटाला नीट मिळालं. ड्युटीत किती वेळा लघवीला गेलात. मन ० ते १० मध्ये कुठे आहे, आपण पेशंटला वेदनेचा स्कोअर विचारतो अगदी तसं. आणि शेवटी, दिवसातली मनात अडकून राहिलेली एक गोष्ट, एकाच ओळीत.

लघवीचा रकाना ऐकून मुलं हसतात, पण आठ तासांत शून्य किंवा एक असा आकडा सलग दिसायला लागला की हसू थांबतं. पाणी न पिणं आणि लघवी तुंबवून ठेवणं ही वॉर्डातली जुनी खोड आहे. त्यातून डोकेदुखी होते, मूत्रमार्गाचा संसर्ग मागे लागतो, आणि चिडचिड कशामुळे होते आहे हेही समजत नाही.

एका रीडिंगवर आपण ताप आला असं ठरवत नाही, दोन-चार नोंदी बघून कल कुठे चाललाय ते पाहतो. इथेही तसंच करा. एखाद्या दिवशी मन ३ वर आलं म्हणजे काही बिघडलं असं नाही. पण चौदा दिवसांतले दहा दिवस ३ वर असतील, तर त्याची दखल घ्यायला हवी. शिवाय कोणत्या दिवशी आकडा पडतो हे शोधा. एका विद्यार्थ्याच्या वहीत दर बुधवारी मन खाली जात होतं. नीट पाहिलं तर मंगळवारी रात्री केस प्रेझेंटेशनसाठी तो तीन तासच झोपत होता. आपण मनाने दुबळे आहोत असं तो महिनाभर समजत होता, आणि खरा प्रश्न मंगळवारच्या रात्रीचा निघाला.

चौदा दिवस झाले की नैराश्याची चाचपणी करणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली एकदा भरून बघा. मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये ती तुमच्या हातात येतेच. त्यात नऊ प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांविषयी, आणि गुण ० ते २७. पाचच्या खाली असेल तर चार्ट चालू ठेवा. पाच ते नऊ आले तर झोप, जेवण, कामाचा ताण यांत लगेच बदल करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भरा. दहा किंवा त्याहून जास्त आले तर समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटायचंच. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याशिवाय कुठलंही उत्तर आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. ही प्रश्नावली रोगनिदान करत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. ती फक्त पुढे कुठे जायचं ते दाखवते.

दुसरी पायरी: ड्युटीवरचं शरीर

इथे फार लिहिण्यासारखं नाही, कारण करायचं काय हे सगळ्यांना माहीत असतं. उपाशीपोटी ड्युटीवर जाऊ नका. पाण्याची बाटली परवानगी असलेल्या ठिकाणी ठेवा आणि पाणी पिणं एखाद्या कामाला बांधून टाका. उदाहरणार्थ, दर वेळी व्हायटल्सची (नाडी, बीपी, ताप, श्वास बघण्याची) फेरी संपली की चार घोट. "आठवेल तेव्हा पिईन" असं ठरवलं की ते आठवतच नाही. पेशंटला सरकवताना एकट्याने ओढू नका, हाक मारून दुसऱ्याला बोलवा आणि ड्रॉ-शीट, म्हणजे पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर, वापरा. विद्यार्थिदशेत धरलेली कंबर पुढे आयुष्यभर सोबत करते.

ब्रेक मागायला मात्र खूप जणांची जीभ रेटत नाही, म्हणून वाक्यच देते: "सिस्टर, माझ्या तिन्ही पेशंटच्या अकराच्या नोंदी झाल्यात, सलाइन बघितलंय. मी पंधरा मिनिटं खाऊन येते, तोवर कुणाकडे ओव्हर देऊ?" कामाचा हिशेब आधी आणि मागणी नंतर आली, की बहुतेक वेळा हो म्हणतात.

तिसरी पायरी: नाइट ड्युटीची आखणी

माझ्या अनुभवात विद्यार्थ्यांचं मन सगळ्यात जास्त इथे ढासळतं आणि त्याचं खापर मात्र "मला नर्सिंग झेपत नाही" या वाक्यावर फुटतं. म्हणून हे जरा सविस्तर.

शरीराचं घड्याळ प्रकाशावर चालतं आणि दोन-चार नाइट्सनी ते उलटं होत नाही. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, लक्षही तेव्हाच सगळ्यात विरळ होतं. त्या वेळी थंडी वाजणं, उगाच रडू येणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, हे बरंचसं त्या घड्याळाचं काम असतं. पहाटे चार वाजता स्वतःबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नका आणि कोर्स सोडण्याचा निर्णय तर मुळीच घेऊ नका. याच दोन तासांत औषध मोजायचं, पातळ करायचं, पंपाचा वेग लावायचा तर दुसऱ्याकडून तपासून घ्या. स्वतःवर भरवसा असला तरीही.

पहिल्या नाइटच्या दिवशी दुपारी साधारण दीड तास झोपून घ्या. झोपेचं एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचं असतं, त्यामुळे तेवढ्या झोपेनंतर जड वाटत नाही. सकाळी उठल्यापासून सलग जागं राहून रात्री ड्युटीवर गेलात, तर मध्यरात्रीच तुमचे १७ तास पूर्ण होतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते. अशा अवस्थेत आपण इंजेक्शन भरत असतो, हे डोळ्यांसमोर ठेवा.

चहा-कॉफी रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात उरका. कॅफिनचं अर्धायुष्य साधारण पाच तास असतं. पहाटे चारला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफिन सकाळी नऊला अंगात असतं आणि नेमकी तेव्हाच तुम्हाला झोप हवी असते. मुख्य जेवण ड्युटीआधी घ्या, रात्री हलकं आणि थोडं खा. डुलकी घ्यायची मुभा असेल तर गजर लावून वीस मिनिटं, जास्त नको. गाढ झोपेतून अर्धवट उठलं की डोकं बराच वेळ बधिर राहतं, त्या स्थितीत थेट औषधाच्या ट्रॉलीपाशी जाऊ नका.

सकाळी सुटलात की स्वतः गाडी चालवणं शक्यतो टाळा. खोलीवर जाताना डोळ्यांवर गडद चष्मा किंवा टोपी असली तर सकाळचं ऊन घड्याळाला जागं करत नाही. खोलीत पूर्ण अंधार करा, नाहीतर डोळ्यांवर पट्टी बांधा. दारावर "नाइट ड्युटी, उठवू नका" अशी चिठ्ठी लावा. फोन बंद ठेवायला भीती वाटत असेल, तर घरच्या एका नंबरला सूट देऊन बाकी सगळं गप्प करा. शेवटच्या नाइटनंतर मात्र दिवसभर झोपू नका. सकाळी दोन-तीन तास झोपा, उठून उजेडात फिरा आणि रात्री लवकर आडवे व्हा.

झोपेच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आपल्या हाताशी औषधं असतात, त्यांची नावं आणि डोस पाठ असतात, त्यामुळे "एकच गोळी" घ्यायचा मोह होतो. वॉर्डातल्या साठ्यातली किंवा पेशंटची उरलेली एकही गोळी स्वतःसाठी घेऊ नका. नशेच्या गर्तेत गेलेल्या अनेक आरोग्य कर्मचाऱ्यांची सुरुवात याच एका गोळीने होते. झोप येत नसेल तर डॉक्टरांना पेशंट म्हणून दाखवा.

नाइट संपवून थेट लेक्चरला बसायला लावणारं वेळापत्रक असेल, तर त्याच्यावर सेल्फ-केअरचा उतारा नाही. वर्गाने मिळून, लेखी, नाइटच्या तारखांसह ते प्राचार्यांपुढे मांडा. एकेकट्याने कुरकुर केली तर ती आळसात जमा होते.

चौथी पायरी: निघताना स्वतःचा ओव्हर

रात्री अकराला अंथरुणावर पडल्यावर अचानक आठवतं: कॅन्युलावर (शिरेत बसवलेल्या नळीवर) तारीख घातली का? ते अँटिबायोटिक दिल्याची सही केली का? अर्धवट राहिलेलं काम मेंदू सोडत नाही. म्हणून निघण्याआधी दहा मिनिटं खिशातला कागद काढून प्रत्येक पेशंटपाशी शेवटची नजर टाका: औषधांच्या सह्या, कॅन्युला, ड्रेन, नोंदी. राहिलं असेल ते पुढच्या शिफ्टला तोंडी सांगा आणि लिहूनही द्या. तरीही रात्री आठवलंच, तर तळमळत पडण्यापेक्षा वॉर्डात फोन करा. "सिस्टर, चार नंबरची दोनची सही बघाल का?" असं विचारल्याने कुणी लहान होत नाही. उलट अशा विद्यार्थ्यावर माझा विश्वास बसतो.

पेशंटचा ओव्हर झाला की स्वतःचा. युनिफॉर्म बदलताना किंवा हात धुताना, शक्यतो रोज त्याच जागी, तीन प्रश्न मनात विचारा. आज जड काय गेलं? आज नीट काय झालं, मग ते एखाद्या आजोबांना चार पावलं चालवणं का असेना? आता पुढच्या तासात मला काय हवं आहे: खाणं, झोप, कुणाशी बोलणं की गप्प बसणं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की ते करा. सुरुवातीला हे कृत्रिम वाटतं. आठवडाभर केलं की त्या नळापाशी खांदे आपोआप सैल होतात.

मन मोकळं करताना पेशंटचं नाव, बेड नंबर, फोटो, रिपोर्ट कुठेही येता कामा नये, व्हॉट्सअ‍ॅपच्या अगदी आतल्या ग्रुपवरसुद्धा नाही. तुम्हाला काय वाटलं ते सांगायला पेशंटची ओळख लागत नाही.

मृत्यू बघितल्यावर

पहिला मृत्यू कुणी विसरत नाही. काही जण रडतात, काही जण दगडासारखे होतात, काहींना दोन दिवसांनी जेवताना अचानक हुंदका येतो. यातलं कुठलंही चूक नाही.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टल्स या ट्रॉमा नर्सने एक साधी पद्धत सुरू केली, ती पुढे बऱ्याच ठिकाणी गेली. पेशंट गेल्यावर सगळी टीम बेडपाशी मिनिटभर शांत उभी राहते. हा माणूस कुणाचा तरी होता, आणि आपण सगळ्यांनी त्याच्यासाठी धडपड केली, एवढंच मनात आणायचं. तुमच्या वॉर्डात ही पद्धत नसेल, तरी तुम्ही एकट्याने ते मिनिट घेऊ शकता. अंग पुसायला घेण्याआधी त्यांच्या हातावर हात ठेवून थांबा. लिनन रूममधल्या मुलीसोबत मी हेच केलं, फक्त उशिरा. तिला आधी बसवून पाणी पाजलं, खायला दिलं. पाच नंबरचं ड्रेसिंग दुसऱ्याकडे सोपवलं. मग आम्ही दोघी त्या रिकाम्या, नवी चादर घातलेल्या बेडपाशी जाऊन उभ्या राहिलो. ती तेव्हा रडली.

पुढचे काही दिवस झोपमोड होणं, ते दृश्य डोळ्यांपुढे येणं स्वाभाविक आहे. त्या दिवसांत एकटं राहू नका, जेवण आणि झोपेची वेळ पाळा. लगेच सगळं तपशीलवार बोलून मोकळं व्हायलाच हवं, अशी सक्ती कुणी करत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. धक्क्यानंतर एकदाच बसवून सगळं वदवून घेण्याने पुढचा त्रास टळत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. ज्याच्याशी बोलावंसं वाटेल त्याच्याशी, वाटेल तेव्हा बोला. बोलवत नसेल तर लिहा. पण महिना उलटूनही ते दृश्य पाठ सोडत नसेल, त्या वॉर्डाकडे पाऊल उचलत नसेल, बारीक आवाजानेही दचकायला होत असेल, तर तज्ज्ञाकडे जायची वेळ झाली आहे.

दोन शब्द इथे उपयोगी पडतात. १९९२ मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी नर्सेसच्या संदर्भात 'कंपॅशन फटीग' हा शब्द वापरला. दुसऱ्याचं दुःख सतत झेलून करुणेचा झरा आटत जातो, त्याला तो लागू पडतो. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये 'मॉरल डिस्ट्रेस' मांडला: योग्य काय ते दिसतंय, पण व्यवस्थेमुळे ते करता येत नाही, अशी घालमेल. पेशंट हाक मारतोय आणि तुमच्याकडे आणखी दहा जण आहेत, घरी जाताना अपराधी वाटतंय, ती घालमेल ही. दोन्हीवर उपाय वेगळे आहेत. पहिल्यात विश्रांती आणि पोस्टिंगमध्ये बदल लागतो. दुसऱ्यात विश्रांतीने भागत नाही, जे खटकलं ते ट्यूटरपुढे किंवा इन्चार्जपुढे मांडावं लागतं.

बर्नआउट हा शब्द तर आता येताजाता वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आयसीडी-११ मध्ये त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: थकून रिकामं होणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळला गेलेला दीर्घ ताण असं त्याचं मूळ सांगितलं आहे. म्हणून पेशंटला "तो बारा नंबर" म्हणत खेकसायला लागलात, तर स्वतःला वाईट माणूस ठरवण्याआधी गेल्या दोन महिन्यांचं ड्युटीचं वेळापत्रक काढून बघा.

चूक झाली तर

औषधाची वेळ चुकते, चुकीच्या बेडपाशी सलाइन लागता लागता राहतं. पोटात खड्डा पडतो, आणि पहिला विचार येतो तो लपवण्याचा. मी विद्यार्थिनी असताना एकदा एका पेशंटची दुपारची गोळी द्यायची विसरले आणि चार तास कुणालाच सांगितलं नाही. पेशंटला काही झालं नाही. पण ते चार तास मला चाळीस वर्षांचे वाटले होते, आणि सांगितल्यावर इन्चार्ज सिस्टरांना पाच मिनिटांत मार्ग काढता आला.

क्रम लक्षात ठेवा. आधी पेशंट: बघा, व्हायटल्स घ्या. मग लगेच सांगा, जे झालं तेवढंच, कारणं न देता: "सिस्टर, माझ्याकडून दोनची गोळी राहिली, आता सव्वातीन झालेत, बीपी एवढं आहे." मग नोंद. आणि त्यानंतर तुम्ही. अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० मध्ये चूक घडलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला 'दुसरा बळी' म्हटलं, कारण तोही त्या घटनेत जखमी होतो. त्या दिवशी एकटे खोलीवर जाऊ नका.

सुई टोचली तर त्याच क्षणी साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका, आणि ताबडतोब कळवा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. "ओरडा बसेल" म्हणून कळवणं लांबवू नका. तपासणीचे निकाल येईपर्यंतचे आठवडे फार जड जातात. तेवढ्या काळासाठी एक माणूस ठरवून ठेवा, ज्याला मध्यरात्रीही फोन करता येईल.

रागावणं आणि अपमान

सिनिअरने चुकीबद्दल खडसावणं आणि पेशंटसमोर अक्कल काढणं यांत फरक आहे. पहिल्यात बोलणं कामावर असतं आणि पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं. दुसऱ्यात बोलणं तुमच्यावर, घरच्यांवर, भाषेवर, रूपावर जातं आणि शिकायला काही मिळत नाही. पहिलं कितीही लागलं तरी घ्या. दुसरं घडलं तर त्या क्षणी शांतपणे एवढंच म्हणा, "सिस्टर, चूक सांगा, मी दुरुस्त करते. हे बाजूला बोलूया का?" आणि त्याच दिवशी तारीख, वेळ, नेमके शब्द, तिथे कोण होतं, हे वहीत लिहून ठेवा. तीनदा घडलं की वही घेऊन ट्यूटरकडे जा. "त्या मला त्रास देतात" यापेक्षा तीन तारखा जास्त ऐकल्या जातात. लैंगिक स्वरूपाचं काही घडलं तर तीन वेळा थांबायचं नाही, पहिल्याच वेळी तक्रार करायची, मग तो स्टाफ असो, डॉक्टर असो की पेशंट.

अभ्यास, व्हायवा आणि प्रॅक्टिकल

यावर थोडक्यात. पोस्टिंगच्या दिवसांत तासन्‌तास वाचन होत नाही, आणि व्हावं असा हट्टही धरू नका. दिवसा पाहिलेल्या एका पेशंटचा आजार, त्याचं औषध, त्याची काळजी, पुस्तक मिटून स्वतःला सांगून बघा. अडेल तेवढंच उघडून वाचा. पंचवीस मिनिटं पुरतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण तोट्याचं असतं, कारण वाचलेलं डोक्यात बसतं ते झोपेत.

प्रॅक्टिकलच्या टेबलापाशी हात कापायला लागले तर श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. नाकाने चार आकड्यांपर्यंत आत, तोंडाने सहा-आठपर्यंत बाहेर, पाच-सहा वेळा. लांब उच्छ्वासाने व्हेगस नर्व्हमार्फत हृदयाची गती उतरते. ट्रॉली लावताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण हे आधी खोलीत रोज करून सवयीचं झालेलं असावं लागतं, ऐन वेळी पहिल्यांदा करून साधत नाही.

मदत मागताना एसबीएआर वापरा

"मला बरं वाटत नाहीये" म्हटलं की समोरचा "विश्रांती घे" म्हणतो आणि विषय संपतो. डॉक्टरांना फोनवर पेशंटची स्थिती कळवायला एसबीएआर ही जी चार टप्प्यांची पद्धत शिकलात, ती इथे वापरा.

सिच्युएशन: "मॅडम, तीन आठवडे मला झोप नाहीये आणि ड्युटीला येताना छातीत धडधडतं."

बॅकग्राउंड: "आयसीयूचं पोस्टिंग लागल्यापासून सुरू झालं. पहिल्या आठवड्यात माझे दोन पेशंट गेले. आधी असा त्रास कधी झाला नव्हता."

असेसमेंट: "रोज जेमतेम चार तास झोप होते, पीएचक्यूचा स्कोअर १४ आला. माझ्या हातून औषधात चूक होईल अशी भीती वाटते."

रेकमेंडेशन: "मला या आठवड्यात समुपदेशकाची वेळ हवी आहे, आणि तोवर नाइट बदलून मिळेल का?"

शेवटचा भाग कधीही गाळू नका. काय हवं ते सांगितलं नाही तर ऐकणाऱ्याला सहानुभूतीपलीकडे काही देता येत नाही. पहिल्या माणसाने उडवून लावलं तर दुसऱ्याकडे जा. पेशंटचं सॅच्युरेशन घसरत असताना एका डॉक्टरने फोन उचलला नाही म्हणून आपण गप्प बसत नाही.

"मानसोपचार घेतले तर करिअरवर डाग पडेल" ही भीती मी दर वर्षी ऐकते. उपचार घेऊन उत्तम नर्स झालेले कितीतरी जण माझ्यासोबत काम करतात. न घेता कोर्स अर्ध्यात सोडलेलेही मी पाहिले आहेत, आणि मला वाईट त्यांचं वाटतं. औषधं लागली तर ती डॉक्टरांनी सांगितली तेवढे दिवस घ्या आणि मनाने बंद करू नका. हे आपण पेशंटला सांगतोच.

रूममेटकडे लक्ष ठेवताना

स्वतःचा चार्ट भरता येईनासा होतो तेव्हा तो दुसऱ्याने वाचावा लागतो. म्हणून पोस्टिंगच्या सुरुवातीलाच एक जोडीदार ठरवा आणि एकमेकांना सांगून ठेवा की मी बिघडले की कशी दिसते. कुणी अति बोलतं, कुणी आंघोळ टाळतं, कुणी सगळ्यांच्या ड्युट्या अंगावर घेतं.

जोडीदार वस्तू वाटून टाकू लागला, "मी नसले तर बरं" असं बोलू लागला, किंवा बरेच दिवस खचलेला असताना एकदम विलक्षण शांत झाला, तर आडवळणाने विचारू नका. सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर उपदेश करू नका, वाद घालू नका, गुप्त ठेवायचं वचन देऊ नका. त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. खोलीतली औषधं, इंजेक्शनं, ब्लेड बाजूला करा. दुसऱ्या कुणाला तरी वॉर्डन किंवा ट्यूटरला बोलवायला पाठवा आणि सोबत तातडीच्या विभागात जा. तुमच्या भागातल्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आजच दोघांच्या फोनमध्ये घालून ठेवा, त्या रात्री शोधायला सुचत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी परत विचारा. पहिल्या रात्री सगळे धावतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र खोलीत ती व्यक्ती एकटीच असते, तेव्हा डबा घेऊन दार वाजवा आणि सोबत बसून खा.